एका मेंढराचा हिशेब



हेपॅटोब्लास्टोमा ही यकृताची गाठ दहा लाख मुलांत एखाद-दुसऱ्याला, बहुधा तीन वर्षांच्या आत होते. रक्तातले अल्फा-फीटोप्रोटीन वाढते. तान्ह्या बाळात ते मुळातच जास्त असते, म्हणून स्कॅनही लागतो. सिस्प्लॅटिनने गाठ आकसते, मग शस्त्रक्रिया. पुष्कळ मुले बरी होतात.

बिरवाडीहून परळचे टाटा रुग्णालय गाठायचे, एवढा खर्च एका लेकरावर करायचा, की तापाने फणफणलेल्या शंभरांवर? हा हिशेब खोटा नाही. मीही तो मांडतो. पण हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत आपण नेहमी नव्याण्णवांत बसून ऐकतो. त्या एकाची आई तो कसा ऐकत असेल?

लेकराच्या पोटाला उजवीकडे टणक लागले, तर जंत म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा.