सरपणाची वाटणी

पवन मावळात, तुंग-तिकोन्याच्या बाजूला, एका म्हाताऱ्याने हयातीतच तिन्ही मुलांना वाटणी करून दिली. भातखाचरं वाटली, गुरं वाटली, लांबलचक घरात दोन कूड घालून तीन बिऱ्हाडं केली. सगळं उरकत आलं तेव्हा पडवीतलं सरपण उरलं. थोरल्या सुनेने विचारलं, "आबा, ह्याचं कसं करायचं?"

"त्याला हात लावू नका. सरपान एकात ऱ्हाऊ द्या." आबांनी कारण सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मावळात सरपणाची किंमत काय, हे पुण्यात बसून कळायचं नाही. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या लोणावळ्यात ४००० मिलिमीटरच्याही वर. थंड मुलखातले लोक हिवाळ्यासाठी लाकूडफाटा साठवतात, मावळात तो मृगाच्या आत घरात यावा लागतो. घाटमाथ्याच्या याच पाण्यावर १९१५ पासून खोपोलीत मुंबईसाठी वीज तयार होते, आणि त्याच पाण्याने इथली चूल विझते!

बेगमीचं काम माघातच सुरू होई. राबासाठी ऐन-किंजळीचे टहाळ तोडायचे. पाला खाचरात जळायचा, फांद्या घरी यायच्या. गडी त्या फोडत, कारण सालीतलं अख्खं लाकूड आतलं पाणी लवकर सोडत नाही. बाया मोळ्या आणत, गोवऱ्या थापत. पोरं करवंदीच्या जाळ्यांखालच्या वाळक्या काटक्या वेचत. रचतानाही पद्धत होती. खाली दगड, त्यावर ओंडके, वर ढलप्या, मध्ये बोट जाईल एवढी फट. काटक्या मात्र चुलीवरच्या माळ्यावर, धुराच्या उबेत.

वाटणीनंतरच्या पहिल्या वर्षी सरपण आबांच्या शब्दाखातर एकात राहिलं. पण आणताना प्रत्येकाला वाटे, दुसरा आणील; जाळताना वाटे, दुसरा जाळतोच आहे. श्रावण लागायच्या आत पडवी झाडल्यासारखी रिकामी झाली. कुणी जाळलं यावरून महिनाभर धुसफूस चालली. पुढच्या वर्षी तीन राशी पडल्या.

थोरला अंगाने दणकट. त्याच्या दारी ऐनाच्या ओंडक्यांची छातीएवढी रास लागली, पण काटक्या वेचायला घरात पोर नव्हतं. मधल्याकडे चार पोरं आणि दोन म्हशी, म्हणून काटक्या आणि गोवऱ्या उदंड; लाकूड मात्र पांगाऱ्याचं. ते भडकायचं आणि भाकरी फुगायच्या आत विझायचं. धाकट्याने सगळं बेताने जमवलं होतं. पण त्याचा वाटा घराच्या पश्चिम टोकाला. आषाढातली झड थेट पडवीत येई. त्याच्या घरी जाळ कमी आणि धूरच जास्त.

एका सकाळी धाकटी डोक्यावर इरलं आणि हातात खापरी घेऊन थोरलीच्या दारात आली. "आक्का, इस्तू हाय का?"

थोरलीची चूलही थंड होती. ओंडका रात्रीच काळा पडून विझला होता. दोघी मधलीकडे गेल्या. मधलीने गोवरीवर निखारा दिला, वर मूठभर काटक्या दिल्या आणि रोखठोक सांगितलं, "सांच्याला येशीला तवा एक ढलपी घिऊन ये. माझ्या भाकरी कच्च्या ऱ्हात्यात."

तिथून देवघेव सुरू झाली. पंधरवड्यात धाकटीचं भिजकं लाकूड मधलीच्या माळ्यावर वाळत पडलं. बाप्यांना पत्ता नव्हता. थोरल्याने एकदा मधल्याच्या चुलीत आपल्या कुऱ्हाडीचा तिरका घाव ओळखला आणि तो तडकला. आबा तिथेच चहा पीत बसले होते. म्हणाले, "घाव तुझाच हाय. पर तुझ्या घरात त्यो पेटत व्हता का?"

आता माझं मत सांगतो. यात म्हाताऱ्याचंही चुकलं होतं. सरपण एकात ठेवा म्हणाला, पण कोणी किती आणायचं आणि कसं काढायचं, हे सांगितलं नाही. सामाईक मालाला हिशेब लागतो, भावांमध्ये तर जास्तच.

तो हिशेब बायांनी बसवला. पुढच्या वैशाखात मधल्या पडवीत एकच रास रचली गेली. तोडणं-फोडणं थोरल्याकडे, काटक्या-गोवऱ्या मधलीकडे, रचणं आणि पावसाआधी कौलं चाळणं धाकट्याकडे. अंघोळीच्या बंबाचं जळण ज्याचं त्याने आणायचं. आणि राशीतून लाकूड काढताना तिघींपैकी दोघी तरी हजर हव्यात. हा शेवटचा नियम थोरलीचा. पहिल्या वर्षी सर्वांत जास्त जाळणारीही तीच होती, असं मधली सांगायची.

त्या वर्षी गौरी जेवल्या तेव्हा पुरणाला त्याच राशीचं लाकूड लागलं, आणि उरलेलं घटस्थापनेपर्यंत पुरलं. घरातले कूड मात्र कुणी पाडले नाहीत. तिन्ही बिऱ्हाडं शेवटपर्यंत वेगळीच जेवली.