बंब माळ्यावर चढवण्याआधी

होळी होऊन गेली आहे. छत्रपती संभाजीनगरातला पहाटेचा गारठा ओसरला आहे. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आता आपोआपच तापतं. बंबाला सुट्टी.

मोरीत पाट घ्या. बसा त्याच्याजवळ.

आधी नुसतं पाहा. तांब्याचं गोल पोट. मधून वर गेलेली नळी. खाली जाळी. कधीकाळी कासारी बाजारातून आणलेला हा बंब थंडीभर तुराट्या, पऱ्हाट्या, करवंट्या पोटात घेत आला. नळीत जाळ, भोवती पाणी, मध्ये तांब्याचा पातळ पत्रा.

हात ठेवा. परवापर्यंत चटका बसायचा. आज गार लागतो. राहू द्या हात तिथेच.

श्वास आत. श्वास बाहेर.

तोटी सोडा. धार येते. बारीक होते. मग नुसते थेंब. ऐका.

तोटी बुडापासून जरा वर असते, म्हणून तळाशी पाणी राहतंच. बंब कलता करा, ते ओतून द्या. पाण्यासोबत पांढऱ्या खपल्या येतात. आपलं बोअरचं पाणी जड, काळ्या पाषाणातून झिरपलेलं. रोज तापताना थोडा थोडा क्षार खाली बसत गेला. एक खपली चिमटीत धरा. चुरा होऊ द्या.

आता राख. हळू काढा, उडते. मऊ, करडी. मध्येच एखादा कोळसा, जळायचा राहून गेलेला.

कोपऱ्यातली चिमूटभरही ठेवू नका. राख हवेतली ओल ओढते, आणि पावसाळ्यात ओली राख तांबं खाते.

नळीला डोळा लावा. आत काळोख. काजळीचा वास. पार खाली उजेडाचा लहानसा गोल.

थांबा इथे.

त्या गोलाकडे बघत राहा. श्वास येतो, जातो. गोल तिथेच आहे.

काठीला काथ्या बांधून नळीतून फिरवा. काजळी भुरभुर पडते. पुन्हा डोळा लावा. गोल मघापेक्षा जरासा मोठा झालाय. पुन्हा फिरवा. पुन्हा बघा.

भिजवलेली चिंच घ्या, खडेमीठ घ्या. पितांबरीनं लवकर उरकतं, पण आज उरकायचं नाहीच. एकाच जागी बोटं फिरवत राहा. काळा थर सुटतो, खालून गुलाबीसर तांबं वर येतं. तळहाताएवढंच. तेवढं पाहा. मग पुढची जागा.

चिंच लगेच धुऊन काढा. वाळली तर हिरवे डाग धरतात.

उन्हात आडवा ठेवा, आतून कोरडा होईपर्यंत. मग माळ्यावर. झाकण सैल राहू द्या. तोटीला मात्र फडकं बांधा. मोकळं तोंड दिसलं की कुंभारीण माशी मातीचं घर करते, आणि दिवाळीत अभ्यंगाच्या पहाटे सगळे तोटीत काडी घालत बसतात.