दारातला प्रश्न

आमच्या खालाजान ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. आशाताई फॉर्म घेऊन दारात आली. तंबाखू खाता का, घरात कुणाला साखर आहे का, तोंडात न भरणारी जखम आहे का, अशी प्रश्नांची रांग. मग आवाज जरा खाली आणून तिने विचारले, ‘चाची, छातीत गाठबीठ काही?’ थोरला मुलगा दोन हातांवर मोटारसायकल पुसत होता. खालाजान म्हणाल्या, ‘कुछ नै, बेटा.’ फॉर्मवर ‘नाही’ अशी खूण झाली.

गाठ तेव्हा सुपारीएवढी होती. हे आम्हांला आठ महिन्यांनी कळले, जखम होऊन ओढणीला डाग पडू लागले तेव्हा.

या प्रसंगात दोषी कोण, हे आम्ही बरेच दिवस शोधत राहिलो. खालाजान खोटे बोलल्या हे खरे. पण मुलाच्या देखत खरे बोलायला त्यांना कोणी शिकवले होते? आशाताईने प्रश्न विचारला, म्हणजे तिचे काम तिने केले. तिच्या वाट्याला हजारेक माणसांची वस्ती, लसीकरण आणि बाळंतपणे वेगळीच. सरकारने नियम केला, तोही चांगलाच म्हणायचा. कागदावर सगळेच निर्दोष आहेत, आणि खालाजान आता नाहीत.

तो नियम नीट पाहिला पाहिजे. 2016 साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तोंडाचा, गर्भाशयमुखाचा आणि स्तनाचा, अशा तीन कर्करोगांच्या तपासणीची मार्गदर्शक चौकट ठरवली. स्तनासाठी 30 ते 65 वयाच्या प्रत्येक स्त्रीची पाच वर्षांतून एकदा तपासणी, तीही यंत्राने नव्हे तर प्रशिक्षित हाताने. मॅमोग्राफी का नाही? यंत्र महाग, ते वाचणारे डॉक्टर थोडे, आणि तरुण स्त्रीच्या घट्ट स्तनात त्या छायाचित्राला गाठ नीट दिसत नाही. नियम गरीब देशाचा आहे, तरी मूर्खपणाचा नाही.

हाताने तपासून काही साधते का, याचे उत्तर मुंबईच्या स्त्रियांनी दिले. टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 साली शहरातल्या गरीब वस्त्यांत एक प्रयोग सुरू केला. 35 ते 64 वयाच्या 1,51,538 स्त्रिया. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, चार वेळा, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने तपासणी केली. उरलेल्या वस्त्यांतल्या स्त्रियांना या रोगाची माहिती तेवढी एकदा दिली, तपासले नाही. वीस वर्षे दोन्हींकडची नोंद ठेवली. 2021 साली निष्कर्ष छापून आले. तपासलेल्या स्त्रियांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडला. पन्नाशीच्या पुढच्यांत मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तसा ठळक फरक दिसला नाही.

आमचे मन त्या दुसऱ्या निम्म्या स्त्रियांपाशी अडकते. त्या 76,178 होत्या. तुलना करायला कोणीतरी न तपासलेले लागते, हे शास्त्र आम्हांला समजते. शिवाय त्या काळी त्या वस्त्यांत तपासणी कोणाचीच होत नव्हती, हेही खरे. तरीही त्यांच्यातल्या मेलेल्यांची मोजदाद झाली म्हणून आपल्याला हे ज्ञान मिळाले. हे कर्ज आहे. आपल्याकडे मयताची वाटणीसुद्धा कर्ज फेडल्यावाचून होत नाही. मग हे कर्ज कोणी फेडायचे? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी स्तनतपासणी झालेल्या किती आढळल्या? हजारात नऊ.

अमेरिकेत 2009 साली तिथल्या तज्ज्ञ समितीने सांगितले की चाळिशीतल्या स्त्रियांनी सरसकट मॅमोग्राफी करू नये. हिशेब असा, की त्या वयाच्या सुमारे 1,900 स्त्रियांना तपासणीला बोलावले तर एक मृत्यू टळतो. खोट्या धास्ती आणि नाहक काढलेले तुकडे मात्र पुष्कळ. केवढा गदारोळ झाला! 2024 मध्ये त्याच समितीने वय पुन्हा 40 वर आणले. तिथे काळ्या स्त्रिया या रोगाने अधिक मरतात, हेही त्यामागचे एक कारण. तिथला वाद कोणत्या वयापासून तपासायचे हा; आपल्याकडे वयाचा आकडा कोणताही लिहा, तपासणारा हात पोहोचत नाही. आणि पोहोचला, गाठ सापडली, तरी पुढे जिल्ह्याच्या गावाचे बसभाडे, बुडालेली मजुरी आणि रांग. उपचाराची वाट मोकळी नसताना नुसती गाठ सांगून जाणे हाही एक जुलूमच, असे आम्हांला वाटते.

पण सगळे सरकारच्या माथी मारून मोकळे व्हायला आम्ही तयार नाही. आपल्या घरांत परद्याचे नाव पुढे केले की प्रश्न संपतो. वास्तविक तपासणारी बाई असते, दार लावून तपासता येते. बाई मिळालीच नाही तर गरजेपुरता पुरुष डॉक्टरही चालतो, हे फिकहची साधी पुस्तकेही सांगतात. मदिनेत खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत सअद यांना रुफैदा या बाईच्या तंबूत ठेवले होते, हे आपण वाजमध्ये अभिमानाने ऐकतो. घरी येऊन मात्र ‘छाती’ हा शब्द आईसमोर उच्चारत नाही. ही हया आहे की भीती? खालाजानच्या मुलाने नंतर आम्हांला विचारले, ‘अम्मीने मुझे क्यों नै बोला?’ आम्ही त्याला काही बोललो नाही. तो शब्द आमच्याही तोंडून कधी निघाला नव्हता.

यंदा आशाताई फॉर्म घेऊन पुन्हा आली. त्याच ओट्यावर खालाजानची सून बसली होती, वय चौतीस. आम्ही मुलाला दूध आणायला पाठवले, आशाताईला आत बोलावले आणि दार लोटून घेतले. सून बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘ताई, गाठ हाताला कशी लागते, ते दाखवा.’