दुखरा दात आणि भरवशाचा प्रश्न



नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायातील एकोणिसावे वचन मराठीत आणताना भाषांतरकाराला एका शब्दापाशी थांबावे लागते. संकटकाळी अविश्वासू माणसावर टाकलेल्या भरवशाला तेथे दाताची उपमा दिली आहे. पण कोणत्या दाताची? मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘खराब’ असाही लावता येतो आणि ‘मोडका’ असाही. एका पावसाळ्यात या वचनाचा मसुदा माझ्यापुढे होता आणि नेमकी माझीच दाढ ठणकत होती. शब्दाचा निर्णय बाजूलाच राहिला; दार जरा जोराने लागले एवढ्यावरून मी पत्नीवर खेकसलो.

त्याच आठवड्यात सात वर्षांची नात दात दुखतो म्हणून रडत होती. शाळा चुकविण्याचा बहाणा समजून आम्ही तिला शाळेत धाडले. ऐंशी उलटलेल्या माझ्या आईने भाकरी सोडली होती. विचारले तर, “भूक नाही रे,” एवढेच उत्तर. वयोमानाने असे व्हायचेच, असे म्हणून आम्ही तो विषय मिटविला. पुढे तिघांच्याही दातांना कीड लागल्याचे निघाले. दंतवैद्याची वाट मात्र प्रथम माझ्यासाठीच धरली गेली होती, हे मला कबूल केले पाहिजे.

दाताच्या गाभ्यात मज्जातंतू व रक्तवाहिन्या असतात आणि सभोवती कठीण कवच असते. आतील भाग सुजला तर त्याला फुगायला जागा नसते. दाब वाढतो आणि ठणका सुरू होतो. आडवे झाले की डोक्याकडे रक्त अधिक येते, म्हणून रात्री वेदना वाढते. झोप मोडली की मन चिडते. मनावर ताण असलेली पुष्कळ माणसे झोपेत दात खातात आणि त्याने दुखणे आणखी बळावते. हे चक्र सर्व वयांत असते, पण त्याचे रूप निराळे. लेकरू हट्टी होते, त्याचे अभ्यासात चित्त लागत नाही. मिळवता मनुष्य मजुरी बुडेल या काळजीने उपचार लांबवितो आणि घरच्यांवर संतापतो. वृद्ध गप्प होतात. स्मृती हरपलेल्यांना तर कोठे दुखते हेही सांगता येत नाही, ते नुसते ताट दूर लोटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे २०० कोटी माणसांचे कायमचे दात आणि ५१ कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे दात उपचाराविना किडलेले आहेत.

कोणी म्हणेल, मन दुसरीकडे वळवावे. फिरत्या चाकावरील एखादा बिंदू जी वक्ररेषा काढतो, तिचा विचार करता करता फ्रेंच तत्त्वचिंतक ब्लेझ पास्कल १६५८ साली आपली दातदुखी विसरला, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. पण तो उपाय त्याने स्वतःसाठी योजला होता. स्वतःचे दुःख निमूटपणे सोसणे हा गुण असू शकेल. तेच सोसणे दुसऱ्यावर लादणे हा कठोरपणा होय.

दुसऱ्याची वेदना आपल्याला दिसत नाही; त्याच्या शब्दावर विश्वास ठेवूनच ती कळते. मूल कधी खोटे बोलेल, हे खरे. मग फार तर शाळेचा एक दिवस बुडेल. पण खरे बोलणाऱ्या मुलावर आपण अविश्वास दाखविला, तर सांगून उपयोग नसतो हे ते शिकेल आणि वृद्धापकाळी “भूक नाही” म्हणून गप्प बसेल.

माझ्या संतापाचे काय? वेदनेने त्याचे कारण सांगता येते, समर्थन करता येत नाही. क्षमा मला मागावीच लागली. पण पत्नीने उलट उत्तर देण्याऐवजी, “दाढ दुखतेय का?” असे विचारले होते. आम्ही नातीला तेवढेही विचारले नव्हते.

अखेर मी ‘मोडका’ हा शब्द ठेवला. असा दात एरवी जागेवर असतो. त्यावर भार पडतो त्याच वेळी तो दगा देतो. तोवर हे वचन इतरांविषयी आहे असे मी समजत होतो. नातीने आपला भार आमच्यावर टाकला, तेव्हा मोडका दात आम्हीच निघालो.

वाचकहो, आज रात्री जेवताना आपल्या पंगतीकडे पाहा. कोणी भाकरी बाजूला सारली असेल, तर कारण विचारा आणि जे उत्तर मिळेल त्यावर आधी विश्वास ठेवा. “भूक नाही” असे उत्तर आले, तर आणखी एकदा विचारा.