परीक्षकाचें धाडस

चित्रास गुण द्यावेत काय? बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत १९५० सालीं ललितकलांची शाखा निघाली व चित्रविभाग नारायण श्रीधर बेंद्रे यांचे हातीं आला, तेव्हांपासून तेथें हा प्रश्न केवळ वादाचा राहिला नाहीं. प्रारंभींच्या वर्गांत अडचण थोडी. प्रमाण, छायाप्रकाश यांतील चूक दाखवितां येते. पदव्युत्तर विद्यार्थ्यास मात्र बहुधा विषय नेमून दिलेला नसतो. तो आपल्या कोपऱ्यांत महिनेच्या महिने एकाच फलकाशीं झगडतो, आणि शेवटीं भिंतीवर मांडलेलें काम परीक्षकांपुढें येतें.

त्यांत एखादें चित्र निर्दोष असतें, परंतु तें हुबेहूब गुरूच्या वळणाचें! त्यास वरचा क्रम देणें सोपें; आपलीच भाषा कोणास गोड लागत नाहीं? शेजारचें चित्र ओबडधोबड, पण त्यांतील शोध त्या मुलाचा स्वतःचा. आमच्या मतें अधिक गुण या दुसऱ्यासच मिळावेत. यांत परीक्षक चुकेल, हें आम्हांस मान्य आहे. ओबडधोबडपणाच्या आड निव्वळ आळसही दडतो. म्हणून त्यानें निवाडा बंद पाकिटांतून न धाडतां, चित्रासमोर उभें राहून त्या मुलास आपलीं कारणें सांगावींत, आणि त्याचें उत्तर ऐकून घेऊन मगच आंकडा लिहावा.