दखल घेऊ या



शिरूर-दौंडच्या वाड्यावस्त्यांवर आता उजाडतंय. थोड्या वेळानं जिल्हा परिषदेच्या शाळेचं फाटक उघडेल. ते कुणीतरी उघडतं. कुणीतरी तांदूळ निवडून खिचडी शिजायला घालतं. पहिलीतलं एखादं पोर दारातच रडत उभं राहतं. बाई त्याचं बोट धरून त्याला वर्गात नेतात.

या माणसांची दखल घेऊ या.

शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या गावकऱ्यांनी शाळेसाठी आपली जमीन दिली. एवढं देणं प्रत्येक गावाला जमणार नाही. पण दखल घेणं जमेल.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानंच पालकांची संख्या जास्त ठेवली आहे. समितीच्या सभेत आपण गळक्या छताबद्दल बोलतो, पाण्याच्या टाकीबद्दल बोलतो. ते बोलायलाच हवं. पण आधी एखाद्याचं नाव घेऊन त्याची दखल घेऊ या.

शिक्षकदिनी आपण गुरुजींना शाल-श्रीफळ देतो. चांगली रीत आहे. पण आहार शिजवणाऱ्या मावशी तेव्हाही चुलीपाशीच असतात. त्यांना जाऊन नेमकं सांगा, "मावशी, आमची पोरगी भाजीला हात लावत नव्हती. तुमच्या हातची खायला लागली." हे त्या घरी जाऊन चारचौघांना सांगतील.

तेव्हा पालकहो, येत्या सभेत एवढं ठरवा. एक दिवस स्वयंपाक आपण करू. मावशींना मुलांच्या पंगतीत बसवू. आणि आग्रह करकरून वाढू.