मंद झालेले यंत्र आणि जीर्णोद्धाराचा विचार

सुरतेस आमचे एक लहानसे मंडळ आहे. गोव्यातून आणि कोकणातून उद्योगव्यवसायानिमित्त येथे येऊन राहिलेली काही कुटुंबे, आणि त्यांच्याशी स्नेहाने जोडली गेलेली थोडी खानदेशी मंडळी, एवढाच त्याचा परिवार. वर्षाकाठी एक सत्यनारायण, गणपतीचा उत्सव आणि आपापल्या कुलदेवतेच्या देवस्थानास पाठवावयाच्या वर्गण्यांचा हिशेब, एवढाच त्याचा व्याप. हा हिशेब पूर्वी लाल कापडी बांधणीच्या चोपडीत असे. २०१६ सालापासून तो एका लॅपटॉपवर आहे. या लॅपटॉपवरून आमच्या एका सभेत जो वाद झाला, त्याने आम्हांस बरेच दिवस विचारात पाडले. देवधर्माच्या आणि संस्कृतीच्या चर्चेला वाहिलेल्या पृष्ठांत यंत्राची रडकथा कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांनी क्षणभर धीर धरावा, एवढीच विनंती.

तक्रार खरी होती. यंत्र सुरू व्हावयास पाच-सात मिनिटे लागत. पावती मागणारा मनुष्य समोर ताटकळत बसलेला, आणि पडद्यावरचे ते गोल चक्र फिरते आहे ते फिरतेच आहे. तेव्हा आमच्या तरुण चिटणिसांनी सूचना मांडली की, गंगाजळीतून नवा लॅपटॉप घ्यावा. "काका, आता हे म्हातारं झालं. किती दिवस ओढायचं?" असे ते कोषाध्यक्षांना म्हणाले. म्हणाले ते यंत्राविषयीच. परंतु आमचे कोषाध्यक्ष ऐंशीच्या घरातले आहेत, आणि ते वाक्य उच्चारले गेल्यावर सभेत जी शांतता पसरली, ती यंत्राविषयीची नव्हती. काकांनी लॅपटॉपचे झाकण हलकेच मिटले आणि आपल्या घरच्या बोलीत एवढेच म्हटले, "घाई कित्याक रे?"

एखादी वस्तू मंद झाली म्हणून ती टाकून देण्याचा अधिकार आपणांस नेमका केव्हा प्राप्त होतो? पैसा आपल्या खिशातला असता तर प्रश्न हौसेचा झाला असता. परंतु गंगाजळीतील पै न् पै कोणी ना कोणी देवाच्या नावाने दिलेली असते, आणि विश्वस्ताला उदारपणाची मुभा फक्त स्वतःच्या पैशापुरती असते. म्हणून निर्णयापूर्वी चौकशी करावी असे ठरले, आणि ते काम आमच्याकडे आले.

चौकशीत पहिली गोष्ट कळली ती अशी की, ज्याला आपण यंत्राचे म्हातारपण म्हणतो, ते बहुतांशी म्हातारपण नव्हेच. माणसाचे स्नायू झिजतात, दृष्टी अधू होते. परंतु लॅपटॉपमध्ये गणनेचे काम करणारा जो मुख्य भाग, ज्यास प्रोसेसर म्हणतात, तो थंड राखला तर दहा वर्षांनंतरही पहिल्या दिवसाच्याच वेगाने काम करतो. मग मंद कोण झाले? वाढले ते आपले ओझे. निक्लाउस वर्थ नावाच्या स्विस संगणकशास्त्रज्ञाने १९९५ साली एका लेखात अशी खंत व्यक्त केली होती की, यंत्रे जितक्या त्वरेने वेगवान होत आहेत, त्याहून अधिक त्वरेने त्यांवर चालणाऱ्या आज्ञावली मंद होत आहेत. त्या गोष्टीस तीस वर्षे उलटून गेली, आणि ती खंत आज अधिकच खरी वाटते. २०१६ साली ज्या यंत्राने पावत्यांचे काम निमूटपणे केले, त्याच यंत्रावर पुढे आम्ही गणेशोत्सवाच्या चित्रफिती साठविल्या, सुप्रभाताची शेकडो चित्रे उतरवून घेतली, आणि यंत्र सुरू होताच आपोआप जाग्या होणाऱ्या डझनभर आज्ञावली त्याच्या माथी मारल्या. बैलावर दुप्पट पोती लादून त्यास आळशी म्हणावे, तसाच हा न्याय झाला.

उधना भागात एक खानदेशी तरुण दुरुस्तीचे दुकान चालवितो. घरी अहिराणी, गिऱ्हाइकांशी गुजराती आणि आमच्याशी मराठी असा त्याचा व्यवहार. त्याने आमच्यासमोरच यंत्र उघडले. आतील पंख्याच्या जाळीवर धूळ आणि तंतू यांचा गादीसारखा थर बसला होता. हे कापडाचे गाव, येथील हवेत तंतू असावयाचेच. प्रोसेसरवरील उष्णता वाहून नेणारा लेप वाळून त्याची भुकटी झाली होती. तो म्हणाला की, हवा खेळती न राहिल्याने आतील उष्णता वाढते, आणि ती विशिष्ट मर्यादेबाहेर गेली की प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो. न करील तर जळून जाईल. हे ऐकून आम्ही थोडे चपापलो. ज्याचा आम्ही इतके दिवस राग करीत होतो, ते मांद्य म्हणजे यंत्राने स्वतःचा जीव वाचविण्यासाठी केलेली धडपड होती, आणि त्यास त्या अवस्थेस आणले होते आमच्याच हयगयीने! दहा वर्षांत ते एकदाही कोणी झाडले नव्हते.

सुरतकरांस हा धडा नवा नसावा. १९९४ च्या सप्टेंबरात येथे प्लेगची साथ आली तेव्हा लाखो लोक शहर सोडून पळाले. हे शहर आता कामातून गेले, असेच पुष्कळांस वाटले होते. पुढे १९९५ मध्ये एस. आर. राव हे पालिकेचे आयुक्त म्हणून आले, आणि नवे शहर न वसविता त्यांनी तुंबलेले साफ करावयास घेतले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात याच सुरतेला इंदूरच्या जोडीने पहिला क्रमांक मिळाला. असो.

साफसफाईने यंत्र थंड झाले, पण पूर्ण उमेद आली नाही. खरा अडथळा दुसरीकडेच होता. त्यातील जुनी हार्ड डिस्क ही एक फिरती तबकडी. मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी, म्हणजे सेकंदाला नव्वद. ऐकावयास हा वेग प्रचंड वाटतो. परंतु हवी ती नोंद वाचणाऱ्या सुईखाली येईतो प्रत्येक वेळी थांबावे लागते, आणि अशी लहानमोठी थांबणी हजारोंनी झाली की मिनिटे जातात. नव्या तऱ्हेच्या एसएसडीत फिरणारा भाग मुळीच नसतो. दुसरी उणीव रॅमची. स्वयंपाकघरातील पाट लहान असला की निम्मे साहित्य वारंवार कोठीत नेऊन ठेवावे आणि पुन्हा आणावे लागते; आमच्या यंत्राचा पाट ४ जीबीचा होता, तो ८ चा करावयाचा. दोन्ही मिळून खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या मानाने अगदी थोडा येत होता.

परंतु डिस्क काढण्यापूर्वी त्या तरुणाने विचारले, "यातल्या माहितीची दुसरी प्रत कुठं ठेवलीय?" आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. प्रत नव्हती. एवढ्या वर्षांच्या वर्गण्या, दिवंगत सभासदांच्या नावे ठेवलेल्या पूजा, कोणत्या घरचे कोणते कुलदैवत याची काकांनी विचारून विचारून जमविलेली टिपणे, सारे त्या एका फिरत्या तबकडीवर होते. ती त्या क्षणी बंद पडली असती तर? नवा लॅपटॉप घेतला असता तरी ती हानी भरून निघाली नसती.

येथे आम्हांस देवळांतील जीर्णोद्धाराची पद्धत आठवली. उपमा धाडसाची आहे, पण ती सुचल्यावाचून राहिली नाही. गाभाऱ्यास हात लावण्यापूर्वी देवतेचे तत्त्व कलशात आवाहन करून घेतात, त्यास कलाकर्षण म्हणतात. तो कलश दुसऱ्या सुरक्षित जागी ठेवून त्याची पूजाअर्चा अखंड चालवितात, आणि काम पुरे झाल्यावर पुनःप्रतिष्ठा करतात. दगड, लाकूड, कौले यांची अदलाबदल त्यानंतर. म्हणजे काय जपावयाचे आणि काय बदलावयाचे, याचा निवाडा हातोडा उचलण्यापूर्वीच झालेला असतो. आपल्या पूर्वजांना तर हा निवाडा संकटकाळी करावा लागला. १५६० साली कुशस्थळीहून श्रीमंगेशाला नदीपार प्रियोळास नेताना त्यांनी देऊळ मागे सोडले, देव नेला. आज प्रियोळास उभ्या असलेल्या देवळाचा एकही चिरा कुशस्थळीचा नसला, तरी हा मंगेश दुसरा आहे असे कोणी भाविक म्हणत नाही. डिस्क नवी, रॅम नवी, लेप नवा, मग हा लॅपटॉप तोच का, असे एका तर्कनिष्ठ सभासदाने आम्हांस विचारले, तेव्हा आम्ही त्यांना प्रियोळाची वाट दाखविली. त्यांचे समाधान झाले की नाही, ते सांगवत नाही.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे मांडले पाहिजे, कारण जुन्याची माया हाही एक मोहच आहे. १६८९ साली सुरतेच्या सफरीस निघालेल्या ओव्हिंग्टन नावाच्या इंग्रज पाद्र्याने येथे रोगी, लंगड्या आणि वृद्ध जनावरांसाठी चालविलेले एक रुग्णालय पाहून आपल्या प्रवासवर्णनात त्याची नोंद केली आहे. पांजरापोळीची ही परंपरा या शहरास भूषणावह आहे. परंतु पांजरापोळ आणि जीर्णोद्धार हे दोन भिन्न धर्म होत. पांजरापोळीत जीवाकडून कामाची अपेक्षा नसते. तो जीव आहे, एवढ्यावरच त्यास चारा मिळतो. यंत्रास जीव नाही. ते काम करीत नसेल तर माळ्यावर कोंबून ठेवण्यात कसली दया? उलट जुन्या बॅटऱ्या फुगतात आणि पेटतातही. अशी यंत्रे अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे सोपविणे हेच उचित. आणि आमच्या यंत्रातही एक खरी उणीव होती. त्यावरील विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि २०१६ चे ते यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हते. संरक्षण नसलेल्या यंत्रावर लोकांचे बँकेचे तपशील ठेवणे हा काटकसरीचा नव्हे, बेजबाबदारपणाचा मार्ग झाला असता. शेवटी लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसविली. त्यापायी जुन्या टंकातील नोंदी युनिकोडमध्ये आणाव्या लागल्या, आणि त्यात तिघांचे तीन रविवार गेले. "या रविवारांची किंमत कोण मोजणार?" असे चिटणिसांनी विचारले. प्रश्न गैर नव्हता. आमच्याजवळ त्याचे पुरते उत्तर नाही.

वस्तू केव्हा संपली, हे ठरविणारा तिच्या संपण्यावर ज्याचा लाभ अवलंबून आहे तोच नसावा, एवढे मात्र आम्हांस निश्चित वाटते. २०१७ च्या डिसेंबरात अ‍ॅपल कंपनीने कबूल केले की, जुन्या आयफोनांचा वेग तिने आज्ञावलीद्वारे कमी केला होता. क्षीण बॅटरीमुळे फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून तसे केले, हे तिचे कारण सर्वस्वी खोटे नव्हते. दोष होता तो न सांगण्यात. केवळ बॅटरी बदलली असती तर भागले असते, हे ठाऊक नसल्याने माणसे नवा फोन घेण्यास प्रवृत्त झाली. फ्रान्समध्ये २०२० साली याच न सांगण्याबद्दल तिला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. आपल्याकडेही केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ उघडले आहे. पण विक्रेत्याकडे बोट दाखविताना आमच्या सभेतील ती शांतता आम्हांस आठवते. तेथे कोणी विक्रेता नव्हता.

यंत्र आता अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होते. पहिल्याच रविवारी एक नवे गृहस्थ वर्गणी द्यावयास आले. काकांनी त्यांना बसविले, पाणी दिले. मूळ गाव कोणते, कुलदैवत कवळ्याचे की म्हार्दोळचे, आजोबांचे नाव काय, आजी कोणाच्या घरची, असे एकेक विचारीत ते बोटाने एकेक अक्षर टंकू लागले. पावती हाती पडावयास वीस मिनिटे लागली. चिटणीस दोनदा घड्याळाकडे पाहून गेले. पडद्यावरची खूण पुढील अक्षराची वाट पाहत लुकलुकत होती; आता खोळंबा यंत्राचा नव्हता, हे सर्वांस दिसत होते. ते गृहस्थ मात्र जाताना काकांच्या पाया पडले.

पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर पदाधिकाऱ्यांच्या निवडीचा विषय आहे, आणि कोषाध्यक्षपदासाठी चिटणिसांनी एका तरुणाचे नाव सुचविले आहे. तो तरुण गुणी आहे, हेही खरे. काकांना या कामात एखादा मदतनीस हवा होता का, हे आजवर आमच्यापैकी कोणी त्यांना विचारलेले नाही. सभेपूर्वी त्यांच्या घरी जाऊन तेवढे विचारावे, असे आम्ही योजिले आहे.